आप्पांनी बेल खाली ठेवला

घरून, २४ जुलै

अपेक्षाअक्का,

अक्षर बघून ओळखलंच असशील. पाकीट फाडून टाकायच्या आधी एवढं वाच की मी काही मागायला लिहीत नाही. फोन केला असता, पण माझा फोन कर्नाटकात एका बोअरच्या भोकात पडला. गाडीवरचा तमिळ ड्रायव्हर म्हणाला, पाणी लागलं की तोच वर येईल. पाणी लागलं नाही. आणि फोन असता तरी काय, तू घरातले सगळे नंबर बंद करून ठेवलेस. तुझा पत्ता छबुबाई कासारणीकडून घेतला. तिची पोरगी सोलापुरात तुझ्याच गल्लीत दिलीय ना? बांगड्या भरता भरता ती बाई अख्ख्या जिल्ह्याचा जाबसाल ठेवते.

तर मी घरी आलोय. बोअरची गाडी सोडली. का सोडली ते पुन्हा कधीतरी.

लिहायचं कारण आप्पा. अक्का, आप्पांचं काहीतरी चाललंय आणि ते मला कळत नाही. तू त्यांना ओळखतेस. मी नुसता त्यांचा मुलगा आहे.

पहिली गोष्ट. दुकानामागं तो ढीग होता ना, खताच्या रिकाम्या गोण्या, औषधाच्या बाटल्या, मुदत गेलेले डबे? ज्याच्यावरून तुमचं वाजलं? मी आलो तर तिथं मोकळी जागा. अव्वा नवऱ्याचं कौतुक करत म्हणाली, आप्पांनी टेम्पो बोलावून सगळं हलवलं, आणि पाऊस आला तर तिथलं पाणी नालीला जाऊ नये म्हणून स्वतः फावडं घेऊन बांध घातला. आप्पांनी! जो माणूस दुकानातला पंखा गिऱ्हाइकाकडं तोंड करून लावतो आणि गिऱ्हाईक गेलं की बंद करतो. मला पहिला संशय हा आला की धाड पडणार असेल. धाडीच्या आधीच माणूस एवढी सफाई करतो.

दुसरी गोष्ट. गावात एक काम येऊ घातलंय. आपला बाजार नदीच्या थडीला भरतो, तो तुला सांगायला नको. सोमवारी बाजार उठला की कांद्याची साल, कोंबड्यांची पिसं, सडका भाजीपाला तिथंच. वरून गॅरेजचं काळं तेल, दुकानांची घाण. जोराचा पाऊस आला की हे सगळं नालीतून सरळ नदीत, आणि नदीच्या कडंच्या आडांत. आता ग्रामपंचायतीच्या निधीतून बाजारतळाच्या खालच्या अंगाला दोन हौद बांधायचे म्हणतात. पावसाचं पाणी पहिल्या हौदात थांबणार, गाळ खाली बसणार. दुसऱ्यात खडी, वाळू आणि वाळ्याचं गवत, त्यातून गाळून मग नदीत. बायनाबाई अजून थडीला वाळूत खड्डा करून वाटीवाटीनं झिऱ्याचं पाणी भरते ना, तसंच, फक्त मोठं. निधी एकच आणि मागणारे दोन. सुंदरराव म्हणतात हौद. जारवाला नाथा आणि त्याची पोरं म्हणतात वेशीवर कमान. सरपंच सुंदररावांच्या मंडळी आहेत, पण खुर्चीत हेच बसतात.

आणि आप्पा, जे सुंदररावांना सरळ रामराम घालत नाहीत, ते देवळात उभं राहून म्हणाले, "सरकारचा पैसा ह्याच कामाला लागला पायजे. वरून आलेलं घाण पानी खालच्यानं कावून प्यायचं?"

तू असतीस तर उडालीच असतीस. हे तर तुझंच वाक्य. तू माहेरी आलीस त्या शेवटच्या पंचमीला बोललेलं. मी तेव्हा गाडीवर होतो, त्यामुळं ते भांडण मला तीन तोंडांनी तीन तऱ्हेचं ऐकायला मिळालं. अव्वाच्या तऱ्हेत तू ताटावरून उठून म्हणालीस की, "माझ्या पोटी लेकरू आलं तर ह्या आडाचं पानी त्याला दाखवनारसुदिक न्हाई," आणि आप्पा म्हणाले, "चार बुकं शिकली आन् बापाला शानपन."

तोच माणूस आता तुझं वाक्य बोलतोय. अक्का, माणूस बदलत नसतो. काहीतरी मिळत असणार.

तुझा,
रवि


घरून, २ ऑगस्ट

अक्का,

पंचमी झाली. लिंबाला झोका बांधला होता, त्यावर गल्लीतल्या पोरी बसल्या. अव्वानं उगाच दोन वेळा वेशीकडं जाऊन बघितलं. मी विचारलं तर म्हणाली, शेळी बघत होते. आपल्याकडं शेळी कधीपासून?

अव्वाचंही काहीतरी चाललंय. दुपारी दार लोटून घेते आणि मऊ मऊ जुन्या लुगड्यांचे तुकडे शिवत बसते. मी गेलो की मांडीखाली घालते. विकायला शिवत असेल का? दुकान तोट्यात आहे का? मला या घरात कुणी काही सांगत नाही. मी गाडीवरून आलेला पाव्हणा.

आता आप्पांचं ऐक. बुधवारी सकाळी आंघोळ, लिंगपूजा, भस्म, सगळं झाल्यावर ते आडावर गेले आणि बराच वेळ वाकून काहीतरी करत होते. मग पिशवीत काहीतरी घातलं, वर टॉवेल दाबला, आणि बीडची एसटी धरली. टॉवेलाच्या खालून बाटलीचं बूड दिसलं. माझ्या डोळ्यांना बाटलीचं बूड चुकत नाही. गाडीवर तेवढंच शिकलो.

अक्का, आपल्या घरात! जिथं कांद्याला सोमवारी सुट्टी!

मी मागच्या एसटीनं गेलो. खरं तर मध्ये केजला उतरलो होतो, कारण तिथं एक माणूस रस्त्याच्या कडंला अस्वलाचे केस म्हणून झाडूचे केस विकत होता आणि मी त्याच्याशी अर्धा तास भांडलो. शेवटी एक ताईत घेतला. ते असो. बीडला उतरलो तर आप्पा स्टँडच्या बाहेरच सापडले; रस्ता चुकून परत तिथंच आले असावेत, एकाला पत्ता विचारत होते. मी मागं मागं. एका सरकारी हाफिसात शिरले. पिशवी फुगलेली. मी समोर रसाच्या गाड्यामागं थांबलो. बाहेर आले तेव्हा पिशवी घडी करून काखेत आणि तोंडावर काम झाल्याचं समाधान.

आता तूच सांग. माणूस टॉवेलाखाली बाटली घेऊन साहेबाकडं जातो आणि मोकळी पिशवी घेऊन येतो. मी काय समजू?

संध्याकाळी नाथाच्या प्लांटवर बसलो होतो. नाथा आपल्या शाळेतला, तुझ्या मागं दोन वर्ग. त्यानं पाणी गाळायची मशीन घातलीय, निळे जार घरोघर देतो, गावात आता त्याचं चांगलं आहे. चहा पाजला. म्हणाला, "तुझे आप्पा लई बोलायलेत बे आजकाल हौदावर. सुंदररावाचा अन् त्यांचा काय हिशोब बसला?"

मी सांगायला नको होतं. पण चहा चांगला होता आणि मी कुणाशी तरी बोलायला आसुसलो होतो. बाटलीचं सांगितलं. नाथा हसला नाही. नुसता "अस्सं" म्हणाला आणि आणखी एक चहा मागवला.

रवि


घरून, १६ ऑगस्ट

अक्का,

काल ग्रामसभा झाली. झेंडा झाल्यावर महादेवाच्या देवळात. अख्खं गाव. बायका डाव्या अंगाला, आणि पुढं नेहमीप्रमाणं बायनाबाई, तिला ऐकू कमी येतं म्हणून.

ग्रामसेवकानं कामं वाचली. हौदाचं वाचलं तसा नाथा उठला.

"कमान पाह्यजे. गावाची शान दिसती. गटाराचा हौद बांधून कोन बगनार? पाव्हना येतो तो येशीतून येतो का नालीतून?"

लोक हसले. बायनाबाईनं शेजारणीला विचारलं, "काय म्हनला?" शेजारीण म्हणाली, "कमान." "कमानीतून पानी येतं का?" म्हणून ती म्हातारी एवढ्यानं बोलली की तेव्हाही लोक हसले.

आप्पा उठले. पांढरा सदरा, कपाळाला भस्म. म्हणाले की हा पैसा कुणाच्या घरचा नाही, सगळ्यांचा आहे, म्हणून तो सगळ्यांच्या पाण्याला लागावा. एकट्यानं आपलं दार झाडून भागत नाही. "मी माझ्या दुकानामागं बांध घातला. तरी बाजाराचं पानी येतंच. वरच्याचं खालच्याच्या आडात जातं. हे एका घरानं होन्यासारखं काम न्हाई, म्हनून तर पंचायत हाय." खरं सांगू अक्का, बोलले छान. मला शंका आली की हे कुणी लिहून दिलं.

मग नाथा म्हणाला, "आप्पा, रागावू नका. बीडला सायबाला बाटली कशाची दिली?"

अख्ख्या देवळाच्या माना आप्पांकडं.

आप्पा म्हणाले, "पानी होतं."

काय हसले लोक! खांबाला धरून हसले. कुणीतरी मागून ओरडलं, "सायेब पानीच पितेत, आप्पा, रोज!" सुंदररावसुद्धा मिशीत हसले, आणि हौद त्यांना हवा होता.

"कोन सांगितलं तुला?" आप्पांनी विचारलं.

"तुमचंच पोरगं."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी खांबाकडं बघितलं. त्या खांबावर एक नाग कोरलाय, त्याचा फणा कुणीतरी चुन्यानं रंगवलाय, उगाच. ते जाऊ दे.

नाथा म्हणाला, "बेल उचला मंग. पिंडीवरचा बेल हातात घ्या आन् म्हना, ह्या कामात माजा काय बी स्वार्थ न्हाई. सभा तुमच्या मागं. माजीबी माघार."

आपल्या गावात हे कसं आहे तुला माहीत आहे. बेल उचलून खोटं बोललेला माणूस गावानं अजून बघितला नाही. कोर्टात लोक ढीगभर खोटं बोलतील, पण पिंडीवरचं पान हातात असताना नाही. पुजाऱ्यानं पान आणून दिलं. आप्पांनी ते तळहातावर घेतलं. डोळे मिटले. ओठ हलले.

आणि अक्का, त्यांनी ते पान परत पिंडीवर ठेवलं. हळू, देठ नीट उत्तरेकडं करून. चपला घातल्या आणि गेले.

देवळात जो आवाज झाला तो मी ऐकवत नाही. ठराव तहकूब. बेल खाली ठेवला म्हणजे पैसे खाल्ले, एवढं तर लहान पोराला कळतं. मलाही तेच कळलं. माझा संशय खरा निघाला म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. घरी आलो तर आप्पा जेवत होते. मला मीठ हवं होतं. त्यांनी मीठ अव्वाकडं दिलं, अव्वानं माझ्याकडं दिलं.

रवि


घरून, १९ सप्टेंबर

अक्का,

महिनाभर लिहिलं नाही. परळीकडं वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या एका गाडीवर गेलतो. करमलं नाही, परत आलो. घरात अजून मीठ अव्वाच्या हातूनच येतं.

तू उत्तर देत नाहीस. मला वाटतं तू पत्रं न वाचता टाकतेस. तरी हे वाच.

सोमवारी बाजार चालू असताना पाऊस आला. लोकांनी माल तसाच टाकला आणि देवळात पळाले. मी देवळाच्या पायरीवर होतो. पाणी बाजारतळावरून कसं जातं ते मी आयुष्यात कधी नीट बघितलं नव्हतं. पहिलं पाणी काळं असतं. त्यावर तेलाचे रंग फिरतात. मग पिसं. मग कांदे, टोपल्या, कुणाची तरी चप्पल, आणि कुठल्यातरी दुकानाचा फुटका औषधाचा डबा, तो तर माझ्या पायाजवळून गेला आणि वास मागं ठेवून गेला. आप्पांच्या दुकानाचा नव्हता. मी वाकून लेबल बघितलं. बघितलं कशाला, तर आप्पांचा निघतो का म्हणून. असा मी.

सगळं नदीत गेलं. तिथून पाणी तुंबून मागं आलं आणि आपल्या आडात शिरलं. सकाळी बघतो तर आडाच्या पाण्यावर तवंग. अव्वानं पोहरा सोडला नाही. कोपऱ्यातला नाथाचा जार उचलला. मी तिला विचारलं, हा जार केव्हापासून? ती म्हणाली, "आप्पा लिंगपूजेलाबी हेच पानी घेतेत आता. विकतचं. दोन म्हयनं झालं. तुला दिसलं न्हाई व्हय? तुला सगळं दिसतंय की."

तिसऱ्या दिवशी बायनाबाईला जुलाब. झिऱ्याचंच पाणी प्यायली होती. पूर गेल्यावर वाळू उकरली, पाणी नितळ दिसलं, प्यायली. जन्मभर वाळूनं तिला कधी फसवलं नव्हतं. पण वाळू राहिलीय कुठं, अक्का? अर्धी नदी ट्रॅक्टरनं गेली, खाली नुसता गाळ. मी तिला मोटरसायकलवर मध्ये बसवलं, मागं तिची सून, आणि केजच्या सरकारी दवाखान्यात नेलं. रस्ताभर ती माझ्या कानात म्हणत होती, "नदीचं काय न्हाई रं, माजंच वय झालं." नदीला बोल लागू नये म्हणून! सलाइनच्या सुईलाही ती तेच सांगत होती.

परत येऊन मी अव्वासमोर बसलो. लुगड्याचा तुकडा तिनं या वेळेला लपवला नाही. केवढंसं दुपटं होतं. त्यावर लाल दोऱ्यानं बेलाचं पान काढलेलं.

"कुणाचं हे?"

"छबुबाईनं शपथ पाळली म्हनायची. अपेक्षाला सातवा लागंल पुढच्या म्हयन्यात."

अक्का, छबुबाई मला सगळ्या जिल्ह्याचं बोलली. तुझं तेवढं बोलली नाही. अव्वानं तिला शपथ घातली होती म्हणे, की रवीला सांगू नको, तो नाथाकडं बसतो.

मग अव्वानं सगळं सांगितलं. आप्पांना छबुबाईकडून जूनमध्येच कळलं होतं. रात्रभर... नाही, ते नाही लिहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुकानामागचं आवरायला घेतलं, एवढं लिहितो. पहिलं बाळंतपण माहेरी, हे त्यांना हवं होतं. तू आडाचं बोलली होतीस, म्हणून त्यांनी आडापासून सुरुवात केली. बीडला बाटली नेली ती आडाच्या पाण्याचीच. ते हाफिस पाणी तपासायचं होतं. मी रसाच्या गाड्यामागं उभा होतो, बोर्ड वाचायला हवा होता. रिपोर्ट सभेनंतर आला, पाणी पिण्याजोगं नाही, आणि त्यात शेतीच्या औषधाचा अंशसुद्धा आहे. आप्पांनी तो वाचला आणि अव्वाला म्हणाले, "पोरगी खरं बोलत होती."

मी विचारलं, "मग बेल कावून ठेवला खाली? बाटलीत पाणीच होतं, उचलायचा होता!"

अव्वानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी अजून चड्डीत आहे.

"नाथानं काय म्हनाय सांगितलं हुतं? माजा स्वार्थ न्हाई, असंच ना? आरं, त्येंचा स्वार्थ हाय की. पोरगी घरला यावी, नातवाच्या तोंडात चांगलं पानी जावं. मंग पिंडीवरचं पान धरून न्हाई कसं म्हनतील?"

अख्ख्या गावात एक माणूस बेलाशी खरा वागला आणि त्यालाच आम्ही चोर म्हटलं. पहिला मी.

काम ऑगस्टमध्ये मंजूर झालं असतं तर दिवाळीपर्यंत पहिला हौद तरी उभा राहिला असता, असं ग्रामसेवक म्हणतो. आता तुझ्या दिवसांपर्यंत होत नाही. हे मी केलंय. दोन चहावर.

रवि


घरून, ७ ऑक्टोबर

अक्का,

तहकूब सभा काल भरली. आधी मी आप्पांना म्हणालो, तुम्ही चला. त्यांनी वजनकाटा पुसता पुसता काट्याला सांगितलं, "ज्येनं तोंड उघडलं त्येनंच आता उघडावं." दीड-दोन महिन्यांतलं हे पहिलं बोलणं, आणि तेही काट्याशी.

मी गेलो. माझ्या खिशात रिपोर्ट होता. पण नाथा तयार होता. मी उठलो तसा म्हणाला, "आता तुजा किती टक्का बे, रव्या?"

हसले सगळे. मला कळलं आप्पांना त्या दिवशी कसं वाटलं असेल.

मी पुढं गेलो आणि पिंडीवरचा बेल स्वतःच उचलला. आंघोळ केली होती, घाबरू नकोस. म्हणालो, "बेल हातात हाय. सांगतो. ह्या कामात माझा स्वार्थ हाय."

नाथानं मागं वळून आपल्या पोरांकडं बघितलं.

"माझी बहीण बाळंतपणाला घरी यायला तयार नाही. का, तर आडाचं पाणी. हा रिपोर्ट. बाटलीत हेच पाणी होतं, मी न बघता बोललो. आप्पांनी बेल खाली ठेवला कारण त्यांचाबी हाच स्वार्थ होता आणि त्यांना पिंडीपुढं खोटं बोलता आलं नाही. आता ज्याचा ज्याचा स्वार्थ असंल त्यानं येऊन बेल उचलावा."

लोक एकमेकांकडं बघायला लागले, कुणी चपला शोधायला. मी मनात म्हटलं, रव्या, राखेच्या गाडीवर परत जायचं बघ.

मग बायनाबाई उठली. दवाखान्यातून येऊन आठवडा झाला होता, हाताला अजून चिकटपट्टी. शेजारणीला म्हणाली, "काय म्हनला?" शेजारणीनं कानात सांगितलं. म्हातारी काठी टेकत आली, बेल उचलला आणि अख्ख्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणाली, "माजा हाय बाबा स्वार्थ. मला अजून जगायचंय."

तिच्यामागं तिची सून. मग गॅरेजवाल्याची बायको, आणि गॅरेजवाला तिच्याकडं बघतच राहिला. मग तीन-चार जणी एकदम. पुजारी म्हणाला, "आगं, पानं संपली," तर एक बाई म्हणाली, "मंग उद्याची आजच तोडा."

सुंदरराव म्हणाले, "नाथा, तूबी ये. म्हन, कमानीत माजा स्वार्थ न्हाई. आन् लोकं जार घेतेत त्यातबी न्हाई." नाथा म्हणाला, मला सोयर आहे, पिंडीला हात लावता येत नाही. कुठलं सोयर विचारलं तर म्हणाला, लांबच्या भावकीतलं.

ठराव झाला. निधी हौदाला. पण आपलं गाव आहे, लगेच पुढचा प्रश्न निघाला: पैसे येतील, खडी चाळून येईल कशावरून? वाळू रात्रीतून जाणार नाही कशावरून? सुंदररावच हौद मागतायत म्हणजे ठेकेदार त्यांचाच नाही कशावरून? मीच विचारले यातले दोन. तेव्हा दाराकडून आवाज आला.

"देखरेखीला रवीला ठेवा."

आप्पा होते. चपला हातात. कधी आले कळलं नाही.

"ह्येला बापाचा भरवसा न्हाई," आप्पा म्हणाले, "ठेकेदाराचा काय ठेवनार?"

एवढं हसू त्या देवळात मी ऐकलं नव्हतं. सुंदररावांचं मात्र जरा उशिरा आलं. ते मी लक्षात ठेवलंय.

घरी जेवताना आप्पांनी मीठ सरळ माझ्यापुढं सरकवलं. भाजी आधीच खारट होती. तरी घेतलं.

रवि


हौदावरून, ९ नोव्हेंबर

अक्का,

तुझं कार्ड आलं. चार महिन्यांनी एक ओळ: "रिपोर्टची झेरॉक्स पाठव." मी वाचून दाखवलं तर आप्पा म्हणाले, "माझीच पोरगी." झेरॉक्स सोबत आहे. दोन्ही बाजूंनी काढलीय, नाहीतर म्हणशील मागं काय लिहिलंय.

हौदाचं खोदकाम चालू आहे. पहिल्या खेपेला ठेकेदारानं मातीमिश्रित वाळू आणली, मी ओंजळभर घेऊन पाण्यात ढवळून दाखवली आणि गाडी परत पाठवली. त्यानं मला चहा देऊ केला. मी घेतला नाही. चहाचं मला आता कळलंय. बायनाबाई रोज येऊन खड्ड्यात वाकून बघते आणि सांगते, "आजून खोल." तिला कुणी विचारत नाही, पण तिचं बरोबर असतं. नाथाच्या पोरांनी वर्गणीच्या पावत्या फाडून कमानीचे दोन खांब उभे केलेत. मधे काहीच नाही. बैलं त्याला अंग घासतात.

तुझं बाळंतपण तिकडंच कर. आडाचं पाणी अजून तेच आहे, आणि मी तुला खोटं सांगून बोलावणार नाही. आप्पाही तेच म्हणाले. मग बराच वेळ तराजूशी खेळत बसले आणि म्हणाले, "दुसऱ्यांच्या लेकी तर येतील." अव्वा दिवस भरत आले की येईल तुझ्याकडं. दुपटी पाच झाली. तू घेशील की नाही याची तिला शंका आहे, पण सहावं घातलंय शिवायला.

पुढचा पावसाळा हौदातून गेला की आप्पा पुन्हा बाटली घेऊन बीडला जाणार आहेत. टॉवेल न घालता, असं मी सांगितलंय. मी सोबत जाणार, बोर्ड वाचणार. नवा रिपोर्ट तुला आधी पाठवतो. तो वाच, कुणाला दाखवायचा त्याला दाखव, तुला पटलं तर जावळ काढायला ये. जावळाला मामाची मांडी लागते. माझी मांडी आजवर कुठल्या गाडीवर सहा महिने टिकली नाही, हे तुला माहीत आहे, म्हणून तू विश्वास ठेवू नकोस. पण हे पत्र मी हौदाच्या कठड्यावर बसून लिहितोय, खाली खडीची गाडी रिकामी होतेय, आणि मला उठून बघायचंय की तळाला काय भरलंय.

तुझा,
रवि